आर्गाइल मोटारीचा उदयास्त



‘उदयास्त’ हा शब्द आपण सामान्यतः राज्यांच्या आणि राजघराण्यांच्या बाबतीत योजतो. एखाद्या कारखान्यासाठी तो वापरला म्हणजे जरा मोठा घास घेतल्यासारखे वाटते. तरीही आज ज्या कारखान्याची हकीकत मी सांगणार आहे त्याला हा शब्द शोभून दिसेल, असा माझा समज आहे. स्कॉटलंडमधील आर्गाइल या मोटारगाडीचा जन्म १८९९ साली झाला. १९०६ साली तिच्यासाठी एखाद्या राजवाड्यासारखा कारखाना उभा राहिला. १९०८ साली कंपनीचे दिवाळे निघाले. १९१० साली नव्या नावाने ती पुन्हा उभी राहिली. आणि १९१४ साली, पहिले महायुद्ध तोंडावर आले असता, ती दुसऱ्यांदा बुडाली ती त्या तोलाने पुन्हा कधी उठली नाही. म्हणजे सारा खेळ पंधरा वर्षांचा. एखादे मूल जन्माला येऊन त्याची शाळा संपत येईपर्यंतचा हा काळ!

बुडालेल्या मोटारकंपन्यांना तोटा नाही. ब्रिटनमध्ये त्या काळी अशा कंपन्या पावसाळ्यातील छत्र्यांसारख्या उगवल्या आणि तशाच मावळल्या. मग त्यांतली हीच का निवडावी? एवढ्यासाठी, की आर्गाइलच्या नाशाचे कारण म्हणून सगळेच एक सोपे तात्पर्य सांगतात : ‘अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत, महाल बांधला आणि बुडाले.’ हे तात्पर्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे. राहिलेले अर्धे सांगितल्यावाचून त्या माणसांना न्याय मिळत नाही, आणि आपल्या पदरातही म्हणीपलीकडे काही पडत नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. वाफेच्या यंत्राची जन्मभूमी म्हणून मिरविणारा ब्रिटन देश मोटारगाडीच्या बाबतीत मात्र फ्रान्स आणि जर्मनी यांच्या मागे राहिला. त्याचे एक मोठे कारण कायद्याचे होते. १८६५ च्या कायद्याने रस्त्यावर चालणाऱ्या यंत्रवाहनाला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल एवढीच गती ठरवून दिली होती. शिवाय वाहनापुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालले पाहिजे, असे बंधन होते. १८७८ साली निशाणाची सक्ती गेली. पण पुढे चालणारा माणूस कायम राहिला. ज्या गाडीपुढे माणूस चालतो ती गाडी विकत कोण घेणार? माणसाच्या चालीनेच जावयाचे तर पाय फुकट मिळाले आहेत! हे बंधन १८९६ साली सुटले. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला नवा कायदा अमलात आला आणि हौशी मोटारवाल्यांनी लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या हाकून तो दिवस साजरा केला. पण तोपर्यंत फ्रान्समध्ये मोटारींच्या शर्यतीसुद्धा होऊन गेल्या होत्या. म्हणून पहिली काही वर्षे ब्रिटिश कारखानदार फ्रेंच इंजिन आणावयाचे, फ्रेंच गाडीचा नमुना समोर ठेवावयाचे आणि तीवर आपले नाव घालावयाचे. आर्गाइलचा प्रारंभही असाच झाला.

ग्लासगो शहराचे नाव आपल्याला अपरिचित नाही. क्लाइड नदीच्या काठी वसलेले हे शहर जहाजांसाठी आणि आगगाडीच्या इंजिनांसाठी जगभर प्रसिद्ध होते. आपल्या देशातील लोहमार्गांवर धावलेली असंख्य वाफेची इंजिने तेथेच घडली. लोखंड आणि कोळसा जवळ, हात कसबी, आणि यंत्र म्हटले की घाबरून न जाणारी माणसे पुष्कळ. अशा शहरात मोटारीचा धंदा रुजणे स्वाभाविक होते. तेथे तीन कारखाने नावारूपाला आले : आरोल-जॉन्स्टन, आल्बियन आणि आर्गाइल. इंग्रजी लिपीत तिघांचेही आद्याक्षर एकच. त्यांपैकी आर्गाइल ही वयाने आरोल-जॉन्स्टनपेक्षा लहान. पण काही वर्षांतच ती स्कॉटलंडची सर्वांत मोठी मोटारकंपनी झाली.

ही किमया अलेक्झांडर गव्हन या माणसाची. गव्हन मुळात सायकलींच्या धंद्यातला. आज सायकल म्हटली की आपल्याला ती साधीसुधी गोष्ट वाटते; परंतु मोटारगाडीची पहिली पाठशाळा म्हणजे सायकलीचा कारखाना होय. पोलादी नळ्यांचा हलका पण मजबूत सांगाडा, छर्‍यांवर फिरणारी चाके, हवा भरलेले रबरी टायर, एकाच मापाचे अनेक सुटे भाग करण्याची पद्धत, हे सारे मोटारीने सायकलीकडून उचलले. ग्लासगोच्या ब्रिजटन भागात होजियर स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे. तेथील जागेत गव्हन यांनी १८९९ मध्ये ‘होजियर इंजिनिअरिंग कंपनी’ सुरू केली. त्यांची पहिली गाडी फ्रान्सच्या रेनो गाडीच्या नमुन्यावर बेतलेली होती. तिचे पावणेतीन अश्वशक्तीचे इंजिनही डी डियॉन या फ्रेंच कंपनीचे होते. मात्र इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना पोचविण्यासाठी त्या काळी सर्रास वापरली जाणारी साखळी त्यात नव्हती. रेनोप्रमाणेच फिरत्या दांड्याची योजना त्यांनी स्वीकारली होती. नमुना उचलावयाचा तर तो चांगला उचलावा, एवढी पारख गव्हन यांच्यापाशी होती.

नकलेपासून सुरुवात केली म्हणून त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. गाणारा मुलगा आधी गुरूच्या गळ्याची नक्कल करतो. पुढे त्याचा स्वतःचा गळा तयार होतो. गव्हन यांनी दरवर्षी गाडी सुधारली. १९०२ पर्यंत इंजिनाची शक्ती वाढली. नंतर अ‍ॅस्टर या फ्रेंच कंपनीची इंजिने बसविलेल्या गाड्यांची मालिका निघाली. दातेचाके बदलण्याची एक स्वतंत्र योजना गव्हन यांनी स्वतः आखली. ती हाताळावयास जरा अवघड होती, पण ती त्यांची स्वतःची होती. आपली गाडी भरवशाची आहे हे जाहिरातीत सांगण्यापेक्षा रस्त्यावर दाखवावे, या विचाराने लांब पल्ल्याच्या चाचण्यांत त्यांनी आर्गाइल गाड्या उतरविल्या. वाटेत बंद पडणे हा ज्या काळी मोटारीचा स्वभावधर्म मानला जात होता, त्या काळी ‘ही गाडी घरी परत आणते’ एवढी कीर्ती पुरेशी होती. मागणी वाढली. होजियर स्ट्रीटची जागा अपुरी पडू लागली.

येथपर्यंतची कथा एखाद्या उद्योगी माणसाच्या सरळ चढत्या भाग्याची आहे. येथून पुढे ती वळण घेते.

१९०५ साली ‘आर्गाइल मोटर्स लिमिटेड’ या नावाने मोठी कंपनी उभी करण्यात आली. सायकलींच्या दुकानदारीतून निघालेल्या धंद्यात आता भागधारकांचे भांडवल आले. ग्लासगोच्या वायव्येला, लोमंड सरोवरातून निघणाऱ्या लेव्हन नदीच्या खोऱ्यात, अलेक्झांड्रिया नावाचे एक गाव आहे. तेथे नव्या कारखान्यासाठी जागा घेण्यात आली.

या खोऱ्याचा आपल्याकडील बाजारपेठेशी एक जुना संबंध होता. लेव्हनच्या स्वच्छ पाण्यावर तेथे सुती कापड व सूत लाल रंगात रंगविण्याचा मोठा धंदा चाले. ‘टर्की रेड’ या नावाने ओळखला जाणारा हा पक्का तांबडा रंग पूर्वी मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून काढीत. पुढे तो रसायनशाळेत बनू लागला. लेव्हनच्या खोऱ्यातील हे तांबडे कापड हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर येत असे आणि मुंबई ही त्याची एक मोठी पेठ होती. तेव्हा अलेक्झांड्रियाच्या कामगाराला कारखान्याची शिस्त नवी नव्हती आणि दूरच्या गिऱ्हाइकाची सवयही होती. एका जुन्या धंद्याच्या शेजारी अगदी नवा धंदा आला, एवढेच.

पण तो आला तो कसा! कारखाना म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पत्र्याची छपरे आणि काजळी धरलेल्या भिंती येतात. आर्गाइलचा दर्शनी भाग तांबड्या वालुकाश्मात बांधलेला होता. मधोमध घुमटाचा मनोरा व त्यावर घड्याळ होते. आत संगमरवरी जिना होता. कामगारांसाठी हात-तोंड धुण्याच्या स्वच्छ, प्रशस्त जागा होत्या. आवारापर्यंत स्वतःचा लोहमार्ग आणलेला होता. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला हे विद्यापीठ आहे की नगरभवन, असा प्रश्न पडावा! १९०६ साली त्याचे उद्घाटन लॉर्ड मॉन्टेग्यू यांच्या हस्ते झाले. मोटारीचा पुरस्कार करणारे, पार्लमेंटमध्ये तिची बाजू मांडणारे हे गृहस्थ त्या विषयातले सर्वांत वजनदार नाव होते. त्या दिवशी तेथे जमलेल्या मंडळींना आपण भविष्यकाळाच्या दारात उभे आहोत असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. एका अर्थी ते उभे होतेही.

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधताना माणूस नुसत्या भिंती उभारत नाही. आपण कोण आहोत आणि उद्या कोण होणार आहोत, हे तो चारचौघांना सांगत असतो. गव्हन यांनाही काही सांगावयाचे होते. मोटार म्हणजे लोहाराच्या भात्याजवळ जुळविलेली चैनीची वस्तू नव्हे. हा उद्याचा मोठा धंदा आहे, त्यात राबणारा कामगार माणसासारखा राहिला पाहिजे, आणि फ्रेंच इंजिनावर आपले नाव घालण्याचे दिवस संपले पाहिजेत. या तिन्ही गोष्टी काळाने खऱ्या ठरविल्या. चूक विचारात नव्हती. चूक वेळेच्या आणि प्रमाणाच्या हिशेबात होती. कारखाना जेवढ्या गाड्यांसाठी बांधला होता, तेवढ्या गाड्या त्यातून कधीच बाहेर पडल्या नाहीत. रिकामे यंत्र काम करीत नाही, पण व्याज मागते. आणि घुमटाचा खर्च विकल्या गेलेल्या थोड्या गाड्यांवरच बसतो. त्यामुळे प्रत्येक गाडी महाग पडते, आणि महाग पडली म्हणून आणखी कमी खपते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की दातेचाकाच्या कोणत्याही योजनेने ते उलटे फिरविता येत नाही.

त्यातच १९०७ साली गव्हन वारले. वयाची चाळिशीही त्यांनी गाठली नव्हती. एकाच माणसाच्या डोक्यात धंद्याचे गणित, आखणीची कल्पना आणि गिऱ्हाइकांचा विश्वास अशा तिन्ही गोष्टी साठलेल्या असल्या म्हणजे त्याच्या मृत्यूने काय होते, ते आपण आपल्या आसपास पाहतोच. पेढी चालविणारा कर्ता पुरुष गेला की वाडा तसाच राहतो. दिवाणखान्यातल्या तसबिरीही तशाच राहतात. फक्त सकाळी दुकान उघडण्याची घाई कोणाला नसते. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेतून उठलेल्या आर्थिक संकटाची झळ व्यापाराला लागू लागली. हौसेच्या वस्तूंची खरेदी माणूस सर्वांत आधी थांबवितो. १९०८ साली आर्गाइल मोटर्सचे दिवाळे निघाले.

महालाची म्हण सांगणारे येथे थांबतात. महाल, मृत्यू आणि मंदी हीच नाशाची कारणे असती, तर पुढचे प्रकरण घडलेच नसते. पण ते घडले, आणि माझ्या मते या कंपनीच्या आयुष्यातला तोच सर्वांत तेजस्वी भाग आहे.

१९१० साली ‘आर्गाइल लिमिटेड’ या नावाने नवी कंपनी त्याच वास्तूत उभी राहिली. गव्हन नव्हते, भांडवल जपून वापरावे लागत होते; पण अभियंते होते, आणि एकदा तोंड पोळल्यामुळे आलेले शहाणपण होते. ‘फ्लाइंग फिफ्टीन’ या नावाची पंधरा अश्वशक्तीची गाडी लोकांना आवडली. १२/१४ नावाची गाडी टॅक्सी म्हणून खपली आणि न्यूयॉर्कपर्यंत जाऊन पोचली. याच थोड्या वर्षांत या कारखान्याने दोन गोष्टी जगापुढे ठेवल्या. त्यांतील पहिली गोष्ट आज आपल्या प्रत्येकाच्या गाडीत आहे : चारही चाकांचा ब्रेक.

त्या काळच्या मोटारींना ब्रेक असत ते मागच्या दोन चाकांनाच. पुढच्या चाकांना ब्रेक लावला तर गाडी उलटेल, घसरेल, वळविता येणार नाही, अशी भीती जाणत्या लोकांनाही वाटे. वस्तुतः धावती गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे झुकतो आणि पुढची चाके जमिनीला घट्ट धरतात. म्हणजे थांबविण्याचे खरे सामर्थ्य तेथेच असते. अडचण होती ती वेगळीच. पुढची चाके वळतात; मग वळणाऱ्या चाकावरील ब्रेक, चाक कसेही वळलेले असता सारख्याच जोराने कसा ओढावयाचा? आर्गाइलमधील रूबरी या अभियंत्याच्या नावे १९१० च्या मार्चमध्ये या योजनेचे पेटंट घेण्यात आले आणि १९११ पासून आर्गाइल गाड्यांना चारचाकी ब्रेक मिळू लागले. हा प्रयत्न करणारी ती एकटी कंपनी नव्हती. पण अगदी पहिल्या मोजक्या कंपन्यांत ती होती. आर्गाइलशी संबंध असलेले आंरी पेरो हे फ्रेंच अभियंते पुढे या कामात अग्रेसर झाले. महायुद्धानंतर पेरो यांच्या धर्तीचे ब्रेक युरोपात पसरले आणि परवाना घेऊन बेंडिक्स यांनी ते अमेरिकेतही नेले.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या पोटातली आहे. ती थोडी समजावून सांगितली पाहिजे. इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत यावे आणि जळलेला धूर बाहेर जावा, यासाठी झडपा लागतात. या झडपा छत्रीच्या आकाराच्या असतात. त्या स्प्रिंगने आपटून मिटतात, आणि त्या काळी त्यांचा खडखडाट फार होई. चार्ल्स नाइट या अमेरिकन गृहस्थांनी एक वेगळी युक्ती काढली. झडपांऐवजी नळकांड्याच्या आत, दट्ट्याभोवती, एकात एक अशा दोन पोलादी नळ्या बसवावयाच्या. त्यांना खिडक्या पाडावयाच्या. नळ्या खालीवर सरकल्या की खिडक्या एकमेकींसमोर येतील आणि वाट मोकळी होईल. टाल्कम पावडरच्या डब्याचे झाकण फिरविले की वरची आणि खालची भोके जुळतात, तसाच हा प्रकार. अशा नळीला इंग्रजीत ‘स्लीव्ह’, म्हणजे बाही, म्हणतात. इंग्लंडमधील डेमलर कंपनीने ही योजना उचलली आणि तिच्या गाड्यांच्या मौनाची वाहवा झाली. पण दोन नळ्यांमुळे वजन वाढे, घर्षण वाढे आणि तेल फार जळे.

ग्लासगोचे पीटर बर्ट हे कपडे पिळण्याची यंत्रे करणारे कारखानदार. त्यांनी आणि कॅनडाच्या मॅक्कॉलम या गृहस्थांनी १९०९ साली, एकमेकांना ठाऊक नसता, काही आठवड्यांच्या अंतराने एकच कल्पना पेटंटसाठी मांडली : दोन नळ्या कशाला? एकच नळी पुरे. मात्र ती नुसती खालीवर न सरकता जाता-येता थोडी वळलीही पाहिजे. तिच्यावर एखाद्या बिंदूशी खूण केली तर ती खूण हवेत लंबवर्तुळ काढील, अशी तिची चाल. या दुहेरी हालचालीने खिडक्या बरोबर वेळी जुळतात आणि तेलही भिंतीवर सारखे पसरते. दोघांनी भांडत न बसता हात मिळविले. बर्ट आर्गाइलचे संचालक होते. त्यांचे इंजिन आर्गाइल गाडीत आले. १९१३ साली असे इंजिन असलेल्या आर्गाइल गाडीने ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर सतत चौदा तास धावून ताशी ७६ मैलांहून अधिक सरासरी राखली आणि विक्रम केला. १९१४ साली कंपनीच्या सर्व गाड्यांत हेच इंजिन बसविण्याचे ठरले.

फ्रेंच गाडीची नक्कल करून निघालेली कंपनी चौदा वर्षांत येथवर आली होती. आता तिची योजना दुसऱ्यांनी हेवा करावा अशी होती. आणि तो हेवा न्यायालयात जाऊन पोचला.

नाइट यांच्या बाजूने आर्गाइलवर पेटंटभंगाचा दावा लावण्यात आला. आर्गाइलचे इंजिन आमच्याच कल्पनेचे रूपांतर आहे, असे वादीचे म्हणणे. दोन नळ्या व एक नळी, सरळ चाल व वळती चाल, यांत तत्त्वाचा भेद आहे की तपशिलाचा, याचा काथ्याकूट झाला. शेवटी निकाल आर्गाइलच्या बाजूने लागला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण येथे आर्गाइलने ती आपण होऊन चढली नव्हती, तिला ओढून चढविले होते. तरीही कोर्टाचा जुना नियम तिलाही लागू पडला : जो जिंकला तो हरला, आणि जो हरला तो मेला. या लढाईत आर्गाइलचे पन्नास हजार पौंड खर्च झाले असे सांगतात. एकदा बुडून वर आलेल्या कंपनीच्या गंगाजळीत एवढे पाणी कोठून असणार? १९१४ साली आर्गाइल लिमिटेड कोसळली आणि त्याच उन्हाळ्यात ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. अलेक्झांड्रियाच्या कारखान्यातून मोटारी निघणे कायमचे बंद झाले. ब्रिजटनच्या मूळ जागेत आर्गाइलच्या नावाने थोड्याशा गाड्या १९२८ च्या सुमारापर्यंत बनत राहिल्या; पण मोठे घराणे लयास गेल्यावर आडनाव तेवढे मागे राहावे, तसे ते झाले.

आता आपण त्या तात्पर्याकडे परत येऊ. महालाने आर्गाइल बुडाली काय? पहिल्यांदा बुडाली, त्यात महालाचा वाटा निश्चित मोठा होता. याच्या उलट उदाहरण हवे असेल तर विल्यम मॉरिस यांचे घ्यावे. तेही गव्हन यांच्यासारखेच सायकलींच्या धंद्यातून आलेले. १९१३ साली त्यांची पहिली गाडी बाहेर पडली. त्यांनी महाल बांधला नाही. ऑक्सफर्डजवळ काउली येथे एका जुन्या, बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत बस्तान मांडले. इंजिन कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्याकडून घेतले, बाकीचे भाग आणखी कोणाकोणाकडून. आणि ते जुळवून गाडी स्वस्त केली. मॉरिस यांची कंपनी वाढत वाढत ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या मोटारकंपन्यांपैकी एक झाली. यात भूगोलाचाही भाग होता. सुट्या भागांचे कारखाने कॉव्हेंट्री-बर्मिंगहॅमच्या परिसरात दाटले होते. मॉरिस यांच्या ते दाराशी होते, आर्गाइलपासून शेकडो मैलांवर. १९११ पासून फोर्ड यांनी मँचेस्टरजवळ आपली स्वस्त गाडी जुळवावयास सुरुवात केली होती, हेही विसरून चालणार नाही. आर्गाइलची ग्लासगोकर बहीण आल्बियन हिने दिवस ओळखले. ती प्रवासी मोटारी सोडून मालमोटारींकडे वळली आणि पुढे अनेक दशके टिकली.

पण दुसऱ्यांदा आर्गाइल बुडाली ती घुमटामुळे नव्हे. ती बुडाली तेव्हा तिच्यापाशी काळाच्या पुढची गाडी होती आणि न्यायालयाने मान्य केलेला हक्क होता. तिच्यापाशी नव्हता तो वेळ. आणि वेळ विकत घेण्यासाठी लागणारा पैसा. आपला हक्क शाबीत होईपर्यंत तग धरण्याची ताकद ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती लागलेला हक्क हा मयताच्या तोंडात घातलेल्या गंगाजळासारखा असतो. नव्या कल्पना घेऊन पुढे येणाऱ्या लहान कारखानदाराने घुमटापेक्षा ही गोष्ट अधिक लक्षात ठेवावी.

आता राहिली वास्तूची आणि कल्पनेची कथा. कंपनी गेली तरी वास्तू राहिली. महायुद्धात तेथे युद्धसामग्री तयार झाली. १९३० नंतरच्या दशकात ती ब्रिटिश आरमाराकडे गेली आणि तेथे टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, बनू लागले. येथे नियतीचा एक विलक्षण योग आहे. या वास्तूचे उद्घाटन करणारे लॉर्ड मॉन्टेग्यू १९१५ च्या डिसेंबरात हिंदुस्थान सरकारच्या मोटारवाहतुकीचे काम पाहण्यासाठी ‘पर्शिया’ या आगबोटीने मुंबईच्या वाटेवर होते. भूमध्य समुद्रात क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने पाणतीर सोडून ती बोट बुडविली. शेकडो माणसे गेली, मॉन्टेग्यू वाचले. ज्या घुमटाखाली त्यांनी मोटारयुगाचे स्वागत केले, त्याच घुमटाखाली पुढे तसली अस्त्रे घडली. आरमाराने जागा सोडल्यावर तेथे आलेला नवा कारखाना १९७१ साली बंद होऊ लागला, तेव्हा कामगारांनी तो ताब्यात घेऊन काही महिने लढा दिला. पुढे १९९७ मध्ये ती दर्शनी इमारत दुरुस्त होऊन तेथे दुकाने आली. तो तांबडा दगड आणि तो घुमट अजून उभा आहे.

आणि कल्पना? ती तर अलेक्झांड्रियात राहिलीच नाही, ती उडाली. हॅरी रिकार्डो या थोर इंजिनतज्ज्ञांनी एका नळीच्या इंजिनाचा पाठपुरावा केला. ब्रिस्टल कंपनीचे रॉय फेडन यांनी १९२० नंतरच्या दशकात ते विमानासाठी हाती घेतले. नळी अगदी अचूक गोल राहिली पाहिजे आणि कोणतीही नळी कोणत्याही नळकांड्यात बसली पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांची कित्येक वर्षे गेली. मग पर्सियस, हर्क्युलिस आणि सेंटॉरस ही इंजिने निघाली. त्यांपैकी हर्क्युलिस एकट्याची संख्या सत्तावन्न हजारांवर गेली. दुसऱ्या महायुद्धातील ब्यूफायटर, स्टर्लिंग, हॅलिफॅक्स अशा विमानांचे ते हृदय होते. १९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला झाला, तेव्हा आपल्या हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने त्यांच्यावर तुटून पडली. त्या टेम्पेस्टच्या पोटात अठरा नळकांड्यांचे सेंटॉरस इंजिन होते, आणि त्या प्रत्येक नळकांड्यात एकच पोलादी बाही लंबवर्तुळ काढीत होती. बर्ट आणि मॅक्कॉलम यांची कल्पना, जिचे रक्षण करता करता एक कंपनी संपली, ती तेहतीस वर्षांनी श्रीनगरच्या आकाशात अशी घुमली.

कारखान्याचे आयुष्य पंधरा वर्षांचे, वास्तूचे शंभराहून अधिक, आणि कल्पनेचे तर किती हे कोणी सांगावे? कर्जाऊ घेतलेल्या नमुन्यापासून आरंभ करून स्वतःचे काही जगाला देईपर्यंत जो पोचतो, त्याचा हिशेब एकट्या दिवाळ्याच्या आकड्याने करू नये. हिशेबाच्या वहीत जमेची आणि खर्चाची अशी दोन पाने असतात. महालाची म्हण खर्चाचे पान वाचते. आज मी तुमच्यापुढे जमेचे पान वाचले, इतकेच. उद्या कधी वेगात असताना अचानक समोर कोणी आले, पाय ब्रेकवर गेला आणि गाडी चारही चाकांनिशी जागच्या जागी थांबली, तर ज्यांनी तो विचार आधी केला आणि ज्यांच्या हाती त्याचे मोल लागले नाही, त्या ग्लासगोकरांची क्षणभर आठवण करावी, एवढीच विनंती.